मुंडी कोणाच्या ताटात

आमच्या घरात नकाशा नव्हता, पण राज्यं कोणती आणि कुठं हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. जिथं आपलं कुणी राहतं ते राज्य, बाकी सगळं जंगल, असा आमच्या मोहल्ल्याचा भूगोल. खाली सिरोंच्यापलीकडं आंध्रा, कारण तिथं मायचे लांबचे भाऊ. उगवतीकडं एमपी, कारण तिथं भिलाईला माझी आत्या. आताचं छत्तीसगड तेव्हा एमपीतच होतं. बाकीची राज्यं पुस्तकात होती, आणि पुस्तकातल्या गोष्टींवर आमच्याकडं कुणी फारसा विश्वास ठेवत नसे. मास्तरांनी मुंबई आपल्या राज्यात आहे असं सांगितलं तेव्हा माय म्हणाली होती, "असंल, पण तिथी आपलं कोण आहे?" हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येक गावाला विचारला जायचा, आणि बारावी झाल्यावर तोच माझ्या मानेवर येऊन बसला.

घर आमचं मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या घाटावर, धिवरांच्या मोहल्ल्यातलं शेवटचं. बाबांचा डोंगा होता. सकाळी पलीकडं मूलच्या बाजाराला जाणारी माणसं न्यायची, संध्याकाळी आणायची, आणि मधल्या वेळात जाळं. घरात सतत जाळ्याचा आवाज असे. शिशाच्या गोळ्या एकमेकींवर खळखळायच्या, त्या आवाजावरून बाबा जाळं झटकताहेत, वाळत घालताहेत की नुसते चिडलेत हे आतून कळायचं. बाबा बोलायचे नाहीत. काही ठरवायची वेळ आली की ओसरीच्या खांबाला जाळं अडकवून भोकं शिवत बसायचे. भोकं संपेपर्यंत प्रश्न आपोआप सुटेल अशी त्यांची श्रद्धा असावी. माझं उलट. "या पोरीच्या तोंडाले कुलूप नाई," असं माय उठताबसता म्हणायची, आणि ते खरंच होतं, अजूनही आहे. माझी सून हे वाचेल तेव्हा तिला या वाक्याचा फार आनंद होईल.

आत्या, म्हणजे सोनाबाई, बाबांची थोरली बहीण. बाबा तिला नुसतं बाई म्हणायचे. बाबा लहान असतानाच आजी गेली. तेव्हा आत्याही लहानच, पण तिनं भावाला कडेवर घेऊन डोक्यावर माशांची टोपली ठेवली आणि गावोगाव मासळी विकली. बाबांना तिच्याआधीचं काही आठवत नसे. पुढं तिचं लग्न होऊन ती भिलाईला गेली. तिथं कारखान्याची भट्टी, पक्कं क्वार्टर, घरात नळ. वर्षातून एकदा यायची ती पिशव्याच पिशव्या घेऊन. ठेठरी, खुर्मी असा तिकडचा खाऊ, आणि आमच्यासाठी फुलाफुलांचं कापड. अंगानं मोठी, हसणं त्याहून मोठं. डोंगा घाटाला लागायच्या आधीच तिची हाक यायची, "माझी सून कुठी आहे वो?" आणि मी धावत जाऊन तिच्या पोटाला मिठी मारायची. भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क, हे आमच्याकडं सांगावं लागत नसे. तिला एकच मुलगा, दिनेश. माझ्या पाचवीपासून मला त्याच्या नावानं चिडवलं जायचं आणि मीही चिडायची, म्हणजे जेवढं चिडायला हवं तेवढंच. तोवर ती सगळी गंमत होती.

बारावी सायन्सला मी पास झाले. मोहल्ल्यात सायन्स घेतलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं किती मार्क पडले हे कुणी विचारलं नाही, सायन्स म्हणजे काय एवढंच विचारलं. आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं की मत्स्यशास्त्राचं वेगळं कॉलेज असतं. "तुझ्याएवढे मासे वर्गात कुणी पाहिलेले नाहीत, तू अर्ज कर," म्हणाले. दोन अर्ज त्यांनीच भरून घेतले. कोकणातल्या कॉलेजात माझा नंबर लागला नाही. कर्नाटकात मात्र समुद्राकाठच्या कॉलेजात बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी थोड्या जागा असत, त्यातली एक मिळाली. शिष्यवृत्ती होती, मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या आवारातच होतं. आखाड संपायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ही बातमी घेऊन मी घरी आले तेव्हा बाबा मरळ साफ करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासोळीचं शिकाले कॉलेज लागते?" माय हसली, शेजारीण हसली, मीही हसले. बाबा हसले नव्हते. संध्याकाळी त्यांनी खांबाला जाळं अडकवलं.

चंद्रपूरला साधं बी.एस्सी. करता आलं असतं, पण तिथं ठेवायची कुणाकडं? भिलाईलाही बी.एस्सी. होतं आणि आत्याचं घर तर उघडंच होतं. मोहल्ल्याच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. एमपीत आपलं माणूस आहे, कर्नाटकात चिटपाखरू नाही, मग पोरगी कुठं जाईल? आणि भिलाईला आत्याच्या घरी राहायला गेलेली भाची परत येते ती पाहुणी म्हणून, हेही सगळ्यांना माहीत होतं. ती गंमत होती तोवर मला चाललं होतं, आता नाही. मला दिनेश नको होता असंही नाही, मी त्याचा कधी धड विचारच केला नव्हता. मला ते कॉलेज हवं होतं. लांब आहे म्हणून, समुद्र आहे म्हणून, आणि तिथं मी कुणाची कोण हे कुणालाच ठाऊक नसेल म्हणूनसुद्धा.

बातमी भिलाईला कशी पोचली देव जाणे, पण आत्या आली. गोंदियाच्या छोट्या गाडीनं मूलपर्यंत, तिथून येष्टीनं घाटावर, आणि पुढं बाबांच्या डोंग्यात. बरोबर दिनेश. नदी चढायला लागली होती. पाणी गढूळ झालं होतं आणि वरून झाडांच्या फांद्या वाहून येत होत्या. त्या दिवशी तिनं हाक मारली नाही. उतरताना दिनेशचा पाय घसरला आणि त्याची पँट कमरेपर्यंत चिखलानं माखली. मायनं त्याला घाईघाईनं चौकटीची निळी लुंगी दिली. ती माझ्या भाऊजींची होती. थोरली बहीण शेवंताताई आणि तिचा नवरा पांडुरंगभाऊजी आदल्या दिवशीच आले होते, बाबांनी सल्ल्यासाठी बोलावलं होतं म्हणून. भाऊजींनी ती धुऊन वाळत घातली होती आणि स्वतः दुसरी नेसले होते. तीही चौकटीची, तीही निळी. एकाच बाजारातून एकदम घेतलेल्या. ही लुंग्यांची हकिगत मी उगाच सांगत नाही.

आत्यानं मला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला आणि मायला म्हणाली, "आता हिनं माझ्या पोरापुढं मान वर करू नाई. आजवर झालं ते झालं." मायनं मला तसं बजावलं. पदर नव्हता, मी अजून परकर-ब्लाउजवर ओढणी घेत होते, पण मान खाली. मी ते पाळलं. आत्याचा मान म्हणून पाळलं, आणि खरं सांगायचं तर वर पाहिलं असतं तर माझ्या डोळ्यांत काय दिसलं असतं याची मलाच भीती वाटत होती.

त्या दिवशी बाबांच्या जाळ्यात रोहू आला होता, दोन हातांत मावेना असा. मायनं चिंच घालून, जवसाच्या तेलात लसूण करपवून रस्सा केला. आमच्या घरची, आमच्या आसपासच्या चार गावांतल्या धिवरांची एक रीत आहे. मोठ्या माशाची मुंडी जावयाची. ती रश्श्यातून वेगळी काढून ठेवायची आणि घरच्या बाईनं नेऊन त्याच्या ताटात ठेवायची. लग्न व्हायच्या आधी एखाद्या मुलाच्या ताटात मुंडी पडली तर सोयरीक झाली असं धरायचं, मग फक्त सुपारी फोडायची उरते. आजकाल हॉटेलात मुंडी मागवून खाणारे बघते तेव्हा मला हसू येतं. किती घरांचे जावई होऊन बसलेत बिचारे, त्यांना पत्ता नाही.

ओसरीवर पंगत बसली. बाबा, त्यांच्या उजव्या हाताला भाऊजी, मग दिनेश, आणि कोपऱ्यात आमच्या जातीचे म्हातारे मुखिया धोंडूबाबा. भात वाढून झाला आणि घाटावरून कुणीतरी ओरडलं की डोंगा सुटतोय. बाबा उठायला लागले तर भाऊजी म्हणाले, "तुमी बसा, मी बांधून येतो." ते गेले. आत्यानं दिनेशला सांगितलं, "सरक नं, मामाजवळ बस." तो सरकला. हे सगळं बाहेर झालं. आत चुलीपाशी मायनं पितळेच्या वाडग्यात मुंडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जाय, भाऊजीले दे. बाबाच्या उजव्या हाताले." मी मान खाली घालून निघाले. मला पाटांच्या कडा दिसल्या, ताटं दिसली, बाबांचं धोतर दिसलं आणि त्याच्या उजव्या हाताला चौकटीची निळी लुंगी. मी वाकून मुंडी तिथं ठेवली.

ओसरीवर एकदम कुणी बोलेनासं झालं. मला वाटलं मुंडी जमिनीवर पडली की काय, म्हणून मी वर पाहिलं. समोर दिनेशचा चेहरा होता, आणि तो खुशीत होता. भिलाईत वाढलेला पोरगा, त्याला रीत कुठून ठाऊक असणार. त्यानं दोन्ही हातांनी मुंडी उचलली, जबडा मोडला, आतलं चोखलं, डोळे खाल्ले, आणि प्रत्येक हाड साफ करून ताटाच्या कडेला लावत गेला. आम्ही सगळे बघत होतो. बाबांचा हात भातात तसाच. धोंडूबाबांनी चावणं थांबवलेलं. शेवटी दिनेशनं बोटं चाटली आणि म्हणाला, "मामा, एक नंबर!"

आत्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "दौलत, पाह्यलं काय? मी काई म्हटलं काय? कोणी काई म्हटलं काय? तुह्या पोरीनं सोताच्या हातानं मुंडी देल्ली."

मी म्हणाले, "आत्याबाई, मी भाऊजीले देत होती." आतून येऊन मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य तिथंच राहिलं. आत्या हसली. "पहिल्या दिशी सारेच असं म्हणतात. उद्या सकाळी सुपारी फोडू अन् मी हिले संगंच घेऊन जाईन. शिकू दे नं, मी काऊन नाई म्हणू? माझ्या घरी राहून बी.एस्सी. होईल." ती हे कपटानं बोलत नव्हती. तिचा चेहरा उजळला होता. आपलं येणं देवानं स्वतः येऊन फेडलं असं तिला वाटत होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. लबाड माणसाशी भांडता येतं. बाबा एवढंच म्हणाले, "जेवून घ्या."

भाऊजी डोंगा बांधून परतले, रिकाम्या जागी बसले, वाढलं ते खाल्लं आणि शेपटीचा आणखी एक तुकडा मागून घेतला. असा गुणी माणूस. दुपारी मी आणि शेवंताताई घाटावर राखेनं भांडी घासत होतो तेव्हा ताईचा नुसता संताप चालला होता. "तुमची मुंडी दुसऱ्यानं खाल्ली अन् तुमी शेपटी खाऊन ढेकर देऊन राह्यले!" भाऊजी डोंग्याच्या काठावर बसून विडी ओढत होते. म्हणाले, "पोरगं खाऊन गेलं, तं काय पोटातून काढू?" ताईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "रुसा."

"काय?"

"रुसा म्हणतो मी. लग्नापासून एक डाव रुसले नाई. आज रुसून पाहा. इथून उठू नका. कोणी बोलवाले आलं तं म्हणा, ज्या घरी जावयाचा मान नाई तिथी पाणी पेणार नाई."

भाऊजींना रुसणं जमत नव्हतं. त्यांना हसू यायचं, मग ताई डोळे वटारायची, मग ते नदीकडं तोंड करायचे. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दौलतचा जावई डोंग्यात रुसून बसला. हे ऐकायला गमतीचं आहे, पण आमच्याकडं ते तसं नव्हतं. जावई उपाशी उठून गेला तर उद्या ताईचं त्या घरात काय होईल, हे ताईची सासू ठरवणार होती, भाऊजी नव्हे. ताईनं माझ्यासाठी आपला संसार पणाला लावला होता, आणि भांडी घासता घासता लावला होता. मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिले. मला रडू येत होतं म्हणून.

बाबांची दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. जावयाची समजूत घालायची तर मुंडी चुकून गेली असं चारचौघांत म्हणायचं. बहिणीचं मन राखायचं तर चूक नव्हती असं म्हणायचं. मधला रस्ता नव्हता. दिवे लागायच्या आत ते खांबापाशी जाळं घेऊन बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले आणि दुसरं टोक ताणून धरलं.

"बाबा, मले त्या कॉलेजात जायचं आहे."

"तिथी आपलं कोण आहे?"

"कोणी नाई."

"पडली-झडली तं?"

"तिथी बाकीच्या पोरीचंबी कोणी नाई, बाबा."

ते कितीतरी वेळ सुई दोऱ्यात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईनं मले आपल्या ताटातलं खाऊ घातलं. सोता पेज पेऊन राह्यली. तिले मी आजवर नाई म्हटलं नाई. कसं म्हणतात ते मले येत नाई." त्यांचे डोळे भरले होते का ते मला दिसलं नाही, उजेड कमी होता. मी त्यांना दुसरं काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी गप्प बसल्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला तो एक.

सकाळी ओसरीवर माणसं जमली. धोंडूबाबा मधे, बाजूला आत्या. तिच्यापुढं सूप, सुपात सुपारी, नारळ आणि हिरवं लुगडं. लुगडं ती भिलाईहूनच घेऊन आली होती. भाऊजी कुंपणाबाहेर उभे, ताई त्यांच्या मागं. नदी रात्रीतून आणखी चढली होती, घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर पाणी आपटल्याचा आवाज येत होता. बाबांनी सांगितलं होतं की आज-उद्यात डोंगा बंद करावा लागेल. म्हणजे आत्याला जायचं तर आजच, आणि मला जायचं तर तेही फार तर उद्या.

धोंडूबाबांनी खाकरून विचारलं, "दौलत, मुंडी कोणाच्या नावानं काढली होती?"

"जावयाच्या."

"नावानं काय होते?" आत्या म्हणाली. "ज्याच्या पोटात गेली त्याची."

दोघातिघांनी माना हलवल्या. धोंडूबाबाही म्हणाले, "बाईचं भी बरोबर आहे." कुंपणाबाहेरून ताई ओरडली, "मंग आमचं भी बरोबर आहे. आमी निघतो. पुन्ना या घाटावर पाय ठेवणार नाई." भाऊजींनी खांद्यावर पिशवी टाकली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, तेही घाबरले होते. मायनं दारातच बसकण मारली. मला वाटलं, आता मीच आत्याच्या पायावर पडावं आणि हो म्हणून टाकावं, निदान ही सगळी माणसं घरी जातील. खरंच वाटलं. पाय उचललाही होता.

बाबा उठले. माझ्याकडं वळले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुसुम, तू सांग. एमपीत जाते का त्या दुसऱ्या राज्यात?"

असं कुणी मुलीला विचारत नसे. पंचांसमोर तर नाहीच. धोंडूबाबा "अरे दौलत" म्हणाले आणि थांबले. आत्या माझ्याकडं बघत होती, आणि त्या नजरेत धाक नव्हता. लहानपणी मी धावत यायची तेव्हा ती जशी हात पसरून बघायची तशीच बघत होती. मी म्हणाले, "कर्नाटकात." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

"हे कुठी आलं?" धोंडूबाबांनी विचारलं.

बाबा आत्याकडं वळले. "बाई," ते म्हणाले, "मुंडी चुकून गेली." बास, एवढंच. ते म्हणताना त्यांचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले होते, मास्तरांपुढं उभ्या पोरासारखे.

आत्यानं लुगडं उचलून घडी सारखी केली, ती सारखीच होती तरी, आणि पिशवीत घातलं. "मी तुले कडेवर घेऊन गावोगाव हिंडली, दौलत. ते भी चुकूनच काय?"

तिला पोचवायला बाबाच गेले, दुसरं कोण जाणार. मी घाटावर उभी होते. डोंग्यात चढताना दिनेश माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "मले काई मालूम नव्हतं. लै भूक लागली होती." मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि त्याला बरं वाटलं असावं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पाणी इतकं ओढत होतं की बाबांना डोंगा वर नेऊन तिरपा सोडावा लागला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. दोघं समोरासमोर बसली होती, बहीण आणि भाऊ, आणि पार पलीकडं लागेपर्यंत त्यांच्यापैकी कुणाचं तोंड हललेलं मला दिसलं नाही. मागं भाऊजी मायच्या पुढ्यात बसून कालचा उरलेला रस्सा भाताशी खात होते. उपासानं त्यांचे हाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी डोंगा बंद व्हायच्या आधी आम्ही निघालो. येष्टीनं चंद्रपूर, तिथून बल्लारशा. पुढं दक्षिणेकडं जाणारी गाडी मोठी होती, माणसं चार भाषांत भांडत होती. सरांच्या ओळखीचं एक कुटुंब त्याच गाडीनं मद्रासपर्यंत जाणार होतं, पुढच्या गाडीत तेच बसवून देणार होते, त्यांच्या हाती बाबांनी मला सोपवलं. माझी पेटी सीटखाली ढकलली, खिडकीचे गज हलवून पाहिले. मग खाली उतरून फलाटावर उभे राहिले आणि विचारलं, "त्या समुद्राले दुसरा काठ दिसते का?"

"नाई दिसत, बाबा."

त्यांनी मान हलवली. आयुष्यभर एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं नेणाऱ्या माणसाला यात काय समजलं मला ठाऊक नाही. गाडी हलली तेव्हा ते चालत आले नाहीत, हातही केला नाही. मी रडले, पोटभर रडले, आणि गोदावरी ओलांडायच्या आत खिडकीतून बाहेर बघायलाही लागले. त्या वयात दुःख जास्त वेळ टिकत नाही. ते टिकायला वय लागतं, ते आता आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा शेवंताताईनं सांगितलं, तिला दिनेशनं पत्रातून कळवलं होतं. त्या दिवशी बाबा बल्लारशाहून घरी आले नव्हते. चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनावर जाऊन त्यांनी गोंदियाची छोटी गाडी धरली आणि भिलाईला गेले. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या राज्यात गेले. क्वार्टर विचारत विचारत सापडलं. आत्यानं खिडकीतून बघितलं आणि दार उघडलं नाही. बाबा पायरीवर बसून राहिले. दिनेश कामावरून आला, त्यानं आत चला म्हणून हात धरला, तरी उठले नाहीत. मग केव्हातरी आत्या बाहेर आली, तांब्या त्यांच्या शेजारी ठेवला आणि आत गेली. दार लावून घेतलं. बाबा पाणी प्यायले, तांब्या पायरीवर नीट पालथा घातला आणि परत निघाले. त्यानंतर ती दोघं एकमेकांना कधी दिसली नाहीत, आत्या वारली तेव्हासुद्धा.

मी त्यांना याबद्दल कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते भिलाईहून घरी आल्यावर मायनं विचारलं होतं की बाई काय म्हणाली, तर डोंगा उलथा करून त्याला डांबर लावता लावता ते एवढंच म्हणाले होते, "भिलाईचं पाणी लोखंडासारखं लागते."